साफ आवाजाचे आप्पा

आप्पांचा डावा हात कायम सदऱ्याच्या खिशात असायचा. दुकानात, रस्त्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही. माजलगावात नव्याने आलेल्या माणसाला तो मगरुरीचा प्रकार वाटायचा. एकदा तालुक्यातले एक पुढारी दुकानात आले. आप्पांनी त्यांना एका हाताने रामराम घातला, तेव्हा सोबतचा एक कार्यकर्ता म्हणाला, "काय बे म्हाताऱ्या, साहेबाफुडं तरी हात काढ खिशातनं."

आप्पांनी समोर उघडून ठेवलेल्या लाउडस्पीकरच्या जुन्या मशीनकडे बोट केलं. "ह्याच्यात चारशे व्होल्ट हायत. दोन्ही हात आत घातले तर करंट ह्या हातानं शिरतो, काळजातनं जातो अन् त्या हातानं भाईर पडतो. एक हात खिशात ठिवला की काळीज वाचतं. साहेबाला रामराम करायला बी माणूस जित्ता पायजे का न्हाई?"

पुढारी मोठ्याने हसले आणि खुर्ची ओढून बसले. आप्पांचं म्हणणं खरंच होतं. पुढे पुढे समोर मशीन नसलं तरी तो हात आपोआप खिशात जायचा एवढंच.

मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून माजलगावला आले तेव्हा माझ्याकडे एक सुटकेस, एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक छोटा अँप्लिफायर एवढाच संसार होता. धरणाच्या कॉलनीत मला क्वार्टर मिळालं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी गिटार जोडायची आणि अँप्लिफायर भुंग्यासारखा घूंऽऽ करत राहायचा. वाजवलं तरी घूं, थांबलं तरी घूं. आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरने सांगितलं, "मॅडम, मोंढ्याच्या मागं आप्पाकडं न्या. रेडिओवाल्या आप्पाकडं."

दुकान म्हणजे मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या मागचा एक पत्र्याचा गाळा. भिंतीवर जुने कर्णे टांगलेले, फळीवर पोटं उघडी पडलेले रेडिओ. सत्तरीच्या आसपासचे, काटकुळे, पांढऱ्या टोपीतले आप्पा स्टुलावर बसले होते. त्यांनी माझ्या अँप्लिफायरच्या पेटीकडे पाहिलं नाही, गिटारकडेही नाही.

"बाई, कायतरी बोला."

"काय बोलू?"

"बास. साफ हाय."

आप्पांच्या लेखी जगात तीनच तऱ्हेची माणसं होती: साफ, घोगरी आणि फाटकी. नाव, गाव, जात, हुद्दा हे सगळं नंतर. समोरच्या चौकात भाजी विकणारी बाई साफ. स्वतः आप्पा घोगरे. बँकेतले एक साहेब फाटके. "घोगऱ्याला इलाज हाय," ते सांगायचे, "फाटक्याला न्हाई. त्यो आपल्या ताकदीच्या भाईर बोलतोय."

त्यांनी माझा अँप्लिफायर जोडला तर तो अगदी शांत. माझीच फजिती. आप्पा म्हणाले, "दोष पेटीत न्हाई, तुमच्या भिंतीत हाय." दुसऱ्या दिवशी ते लुनावरून कॉलनीत आले. क्वार्टरला अर्थिंगच नव्हतं. त्यांनी अंगणात खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळसा भरला, सळई ठोकली, तार ओढली आणि मला बजावलं, "रोज एक बादली पानी घालायचं. झाड लावलंय असं समजा." मी रोज इमाने इतबारे त्या सळईला पाणी घालायची. शेजारच्या वहिनींनी आठवडाभर पाहून शेवटी विचारलंच, कसलं रोप लावलंय म्हणून.

घूं गेली. आप्पा मुद्दाम ऐकायला आले आणि नुसता चालू करून ठेवलेला, न वाजणारा अँप्लिफायर पाच मिनिटं ऐकत उभे राहिले. "आता गप बसलं," ते म्हणाले. "ज्याला गप बसता येत न्हाई, त्ये गानं काय म्हननार?"

आप्पांचं गाव सिरसाळ्याच्या बाजूचं. घरचे सगळे ऊसतोडीला जायचे आणि आप्पाही लग्नानंतर जाऊ लागले. उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरली जाते. एका हंगामात कारखान्याच्या म्हाताऱ्या वायरमनचा रेडिओ बिघडला आणि त्याने तो उघडला, तेव्हा आप्पा पाण्याची घागर घेऊन तिथून चालले होते. "पाचट पेटलेलं लई बघितलतं," ते सांगायचे, "पन काचंत कोंडलेला इस्तू पयल्यांदा बघितला. गप जळत होता. धूर न्हाई, राख न्हाई, अन् गानं येऊ लागलं." त्या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. आप्पा त्यांना 'वाल' म्हणत. त्या हंगामात त्यांनी वायरमनच्या घरी पाणी भरलं आणि बदल्यात विद्या घेतली. पुढच्या साली ते फडावर गेले नाहीत.

पुढची गोष्ट मला मावशींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, भाकरी थापता थापता सांगितली होती. "ह्यांनी कोयता सोडला. जोडीतली मी एकली जाऊन काय करू? मग मी बी सोडला. लोक म्हनले, रेडिओनं पोट भरत आसतंय का? म्या म्हनलं, भरंल तवा भरंल, पाठ तर सुटली."

भरलं. आप्पांनी लाउडस्पीकरचा धंदा काढला. कीर्तनं, सभा, लग्नं, गेवराईपासून सिरसाळ्यापर्यंत त्यांचे कर्णे गेले. मग भिंतीएवढे डीजे आले आणि लोकांना छातीत धडधडणारा आवाज हवा झाला. आप्पांनी तो धंदा केला नाही. "मोठा आवाज कुनी बी काढील," एवढंच ते म्हणाले आणि दुरुस्तीच्या स्टुलावर येऊन बसले. त्यांच्या बोलण्यात त्याची कुरकुर मी कधी ऐकली नाही.

माझ्या साथीची गोष्ट सुरू झाली ती सुलभाताईंमुळे. अंबाजोगाईच्या शाळेतून संगीत शिकवून निवृत्त झालेल्या सुलभाताईंचा आवाज मऊ, जरा झिरझिरीत. त्यांना माजलगावात भावगीतांचा आणि गझलांचा कार्यक्रम करायचा होता आणि साथीला फक्त गिटार हवी होती. तबला नाही, हार्मोनियम नाही. "सगळा सूर उघडा राहील," त्या म्हणाल्या. "झेपेल का तुला?"

मी हो म्हणाले आणि घाबरले. मी कॉलेजात बँडमध्ये वाजवलं होतं, पण गोंगाटात. तिथे चूक लपते, इथे प्रत्येक स्वर धुतलेल्या काचेसारखा दिसणार. माझ्या छोट्या पेटीचा आवाज कोरडा होता, पत्र्यावर खडे पडावेत तसा. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यायचा असं मी ठरवलं. त्याचा स्वच्छ आवाज गोल आणि भरलेला असतो हे मला ठाऊक होतं. पण कोणता? मी आप्पांना म्हटलं, "ताईंचा आवाज लहान आहे, हॉल लहान आहे. छोटासा घेतला तर पुरेल ना?"

आप्पांनी उलट मलाच विचारलं, "बाई, तुमचं धरान पार भरलं तरी पान्याच्या वर भिंत उरतीच का न्हाई?"

"उरते. ठेवावीच लागते."

"कावून ठिवताव?"

"लाट आली, पूर आला तर पाणी वरून जाऊ नये म्हणून."

"मग हितं बी तसंच. आवाज लहानच काढायचा, पन वर भिंत उरली पायजे. तुमी तार जोरात छेडली की लाट येती. मशीन काठोकाठ भरलेलं असलं की लाट वरनं जाती, अन् त्यालाच आमी आवाज फाटला म्हनतो." मग ते म्हणाले, "ज्याच्यात वरडायची ताकद हाय अन् जो वरडत न्हाई, त्येचा आवाज साफ."

मी चार वर्षं अभियांत्रिकी शिकले होते. इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघं सकाळच्या एसटीने गेवराईमार्गे संभाजीनगरला गेलो. मांडीवर गिटार मी धरलेली, आप्पांच्या पिशवीत मावशींनी दिलेल्या भाकऱ्या आणि एक पेन्सिल. दुकान चकचकीत होतं. सेल्समन तरणा आणि उत्साही. त्याने आल्या आल्या एका पेटीचं बटण पूर्ण फिरवलं आणि गुरगुरणारा, भाजलेला आवाज काढून दाखवला. आप्पांनी तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "लेकरा, पंखा बंद कर. ते थंड हवेचं बी. आता कुनी कायबी वाजवू नका. आदुगर गप ऐकू."

एकेक पेटी चालू करून, व्हॉल्व्ह तापू देऊन, आम्ही तिची शांतता ऐकली. आप्पांनी पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारली. जो टिचकीसरशी घंटेसारखा वाजला, त्याच्याबद्दल ते म्हणाले, "ह्यो चुगलखोर हाय. हातरूण झटकलं तरी बोलंल." मग मला एकच तार छेडायला लावली, आधी हळू, मग मध्यम, मग पूर्ण हाताने. दर वेळी ते मान वाकडी करून माझ्याकडे बघत विचारायचे, "वरचं कसं हाय?" वरचं म्हणजे आवाजाचं बारीक टोक. मी सांगायची, टोचतं, किंवा छान आहे. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत.

तिथे दुधी रंगाची एक लहानशी पेटी होती. माझं मन तिच्यावर बसलं. एका हाताने उचलता येणारी, देखणी, आणि हळू वाजवली की मधासारखी. शेजारी एक दांडगी पेटी होती, दोन माणसांशिवाय हलणार नाही अशी. आप्पांचं बोट त्या दांडगीकडे. "ह्या खोलीत दोनशे मानसं बसली असं समजा. माणूस आवाज पितो. मग तुमी बटण फिरवणार, अन् ही धाकटी फाटनार."

सेल्समन म्हणाला, "काका, थोडं फाटलेलंच लोकांना आवडतं. त्याने आवाजाला ऊब येते."

"आवडू दे की. मसाला बी आवडतो. पन आमच्या बाईला साधं वरण करायचंय. साध्या वरणात खडा लगी दाताखाली येतो."

मी तरीही धाकटीच घेतली. दांडगी मी एकटी कशी हलवणार, बदली झाली की कुठे ठेवणार, असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे मी भाळले होते.  परतीच्या एसटीत पेटी आप्पांनीच पायांत धरून आणली.

कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना शाळेच्या सभागृहात तालीम झाली. मुख्याध्यापकांनी सातवी-आठवीची मुलं आणून बसवली. हॉल भरला आणि आप्पा म्हणाले होते तसं माणसांनी आवाज प्यायला. मी बटण वाढवलं. ताईंनी तार सप्तकातली ओळ घेतली, मी हात मोकळा सोडला, आणि माझ्या पेटीने खाकरल्यासारखा आवाज केला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. ताई थांबल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, तुझ्या सुराला सर्दी झालीय का?" मुलं हसली. मीही हसले, पण कान तापले होते.

दुपारी तोंड पाडून मी आप्पांकडे गेले. मी सांगितलं होतं ना, असं ते म्हणतील याची मी तयारी केली होती. ते म्हणाले, "पेटी वाईट न्हाई. घरात वाजवायला लई गोड हाय. बैलगाडीला सायकलीचं चाक लावलं, तर चाकाचा काय दोष?" मग ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि पोत्यात गुंडाळलेलं एक धूड घेऊन खाली आले. त्यांच्या लाउडस्पीकरच्या धंद्यातलं पहिलं मशीन. चार मोठे व्हॉल्व्ह, आणि विटेएवढे दोन ट्रान्सफॉर्मर. "ह्याच्यावर म्या पाच हजार मानसांचं कीर्तन केलंय," ते म्हणाले. "ह्याला तुमचे दोनशे म्हंजे डुलकी."

पुढचा आठवडा ऑफिस सुटल्यावर मी त्या गाळ्यातच असायची. माइकसाठीचं मशीन गिटारसाठी वळवायचं होतं. आप्पांनी पहिला व्हॉल्व्ह काढून त्या जागी कमी उसळणारा घातला, म्हणजे तोंडाशीच आवाज भरून जाऊ नये. सागाच्या फळ्यांची पेटी केली आणि तिच्यात बारा इंची स्पीकर बसवला. चौथ्या दिवशी आम्ही मशीन चालू केलं. खालचा स्वर असा आला की फळीवरचे रेडिओ थरथरले. पण त्याच्या वर एक बारीक शीळ होती, सुईसारखी, कानात जाणारी.

"शीळ येतेय," मी म्हटलं.

आप्पा हातातली बांबूची काडी थांबवून माझ्याकडे बघू लागले. मग त्यांनी काडीने आतली एक तार जराशी सरकवली. "आता?"

"आहे."

दुसरी तार. "आता?"

"कमी झाली."

"आता?"

"गेली."

ती इतकी मोठी शीळ होती की समोरच्या पानटपरीवाल्यानेही मान वळवली होती. आणि आप्पा मला विचारत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मशीन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वरचं गेलं बाई मपलं. दोन वर्सं झाली. तुमच्या मावशीला बी म्हाईत न्हाई. बहिऱ्याकडं रेडिओ कोन आनील?"

"मग संभाजीनगरला?"

"खालचं अन् मधलं मला बराबर कळतं. फाटणं मधीच असतंय. वरचं तुमच्या तोंडावर वाचत होतो. टोचलं की तुमच्या भिवया वर जात्यात."

 ज्याच्या कानावर सगळा तालुका विसंबून होता, तो माणूस दोन वर्षं गिऱ्हाइकांच्या भुवया बघून काम करत होता. आणि तरी त्याचं काम चुकलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मग आपण वाटून घेऊ. वरचं मी ऐकते, खालचं तुम्ही."

आप्पांनी टोपी परत घातली. "हे बरं झालं," ते म्हणाले, आणि लगेच कामाला लागले.

त्यानंतरचे चार दिवस माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी आहेत. वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने व्हॉल्व्ह आप्पांनी बाहेर काढले. एकेक लावायचा, मी तार छेडायची, आप्पा पेटीच्या फळीवर उजवा तळवा टेकून डोळे मिटायचे. एका व्हॉल्व्हवर त्यांचा फार जीव होता. मी म्हटलं, "आप्पा, ह्याचं वरचं काच फुटल्यासारखं आहे." त्यांनी क्षणभरही वाद न घालता तो काढून बाजूला ठेवला. मी एक पसंत केला तर ते म्हणाले, "खाली पोकळ हाय, ढोलीवानी," आणि मी तो सोडला. असं करत आठ-दहा चाळून जे उरले, ते दोघांनाही पटले होते. मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं एकाच तारेचा आवाज विझेपर्यंत ऐकत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "येडे झालाव काय दोघं?" आणि त्याही ऐकत उभ्या राहिल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरून लोक बाहेर व्हरांड्यात उभे होते. आप्पा सगळ्यात मागच्या रांगेत, दाराशेजारी बसले.  तिसऱ्या गाण्यात ती ओळ आली, तार सप्तकातली. ताईंनी स्वर लावला आणि मी न घाबरता पूर्ण हाताने तार छेडली. स्वर उठला, गोलच राहिला, ताईंच्या मऊ आवाजाखाली शालीसारखा पसरला आणि सावकाश विरला. कुठे खरखर नाही, कुठे धार नाही. ताईंनी गाता गाता माझ्याकडे बघितलं आणि पुढची ओळ त्यांनी तालमीत कधीच घेतली नव्हती इतकी मोकळी घेतली.

कार्यक्रम संपल्यावर ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारे एक गृहस्थ आप्पांना म्हणाले, "आप्पा, आज मशीन लावलंच न्हवतं व्हय? बाई नुसत्याच वाजवत होत्या वाटतं." आप्पांनी ते वाक्य मला त्या आठवड्यात किमान दहा वेळा सांगितलं असेल. त्यांच्या मते आयुष्यात मिळालेलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट होतं.

मी त्यांना अंबाजोगाईला कान दाखवायला चला म्हणून फार मागे लागले. ते टाळत राहिले. "कानात यंत्र दिसलं की दुकान बसलं," हे एकच उत्तर. पण मावशींना त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. "दोन वर्सं म्या हाका मारू मारू घसा फोडला. म्या समजत होते, मुद्दाम करत्यात."

वर्षभराने माझी बदली नाशिककडे झाली. टेम्पो भरत असताना आप्पा लुनावर आले आणि मागून एका हातगाडीवर ते मशीन आणि सागाची पेटी. मी म्हटलं, हे तुमचं पहिलं मशीन आहे, मी नेणार नाही. "मला त्याचं निम्मंच ऐकू येतं," ते म्हणाले. "निम्म्यासाठी अडकवून कावून ठेवू? पूर्ण ऐकणाऱ्याकडं ऱ्हाऊ द्या. अन् नव्या घरी गेल्यावर आदुगर अर्थिंग बघा." मी म्हटलं, मग त्याच्या बदल्यात तुम्ही कान दाखवा. ते म्हणाले, "बगू." टेम्पो वळेपर्यंत ते कॉलनीच्या फाटकात उभे होते.

आज मी त्या मशीनवरच वाजवते. ऑफिसात एखादी सभा तापली की आधी गप्प राहून ऐकायची सवय मला त्यांच्यामुळे लागली. घरी येणाऱ्या नव्या माणसाचा आवाज नकळत तीनपैकी एका कप्प्यात जातो, तेही त्यांचंच.

बदलीनंतर पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी त्यांचा फोन आला. मावशींनी ओढून अंबाजोगाईला नेलं होतं आणि दोन्ही कानांत यंत्रं बसली होती. पहिली पाच मिनिटं ते नुसती तक्रार करत होते. "आवाज लई फाटका हाय हो. आत वर भिंतच ठिवली न्हाई बनवणाऱ्यानं. एक उघडून बघितलं. आता तुमच्या मावशीनं दोन्ही आपल्या ताब्यात ठिवलीत, सकाळी देती, रातच्याला काढून घेती." मी हसत होते. गिऱ्हाइकं तुटली का, असं विचारलं. "न्हाई. उलट म्हनू लागलेत, आप्पानं कानात बी मशीन बसवलंय."

मग तक्रार संपली. 

"बाई," ते म्हणाले, "मोंढ्यात चिमण्या हायत. म्या तीन-चार वर्सं सगळ्यांना सांगत होतो, मोबाइलच्या टॉवरनं चिमण्या गेल्या म्हनून. लोक बी व्हय व्हय म्हनायचे. काल सकाळी शटर उघडलं, अन् सगळ्या तारंवर बसून बोलत होत्या."